यंत्रं आहेत, मग भूकंप आधी का कळत नाही?

गिरणाकाठच्या भडगावपासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत खानदेशात कुठेही जमीन हलली, की एकच सवाल फिरू लागतो : एवढी भूकंपमापन केंद्रं आहेत, तर आधी का सांगत नाहीत? पाठोपाठ ‘आज रात्री मोठा धक्का’ असा निनावी निरोप येतो आणि लोक लेकरं घेऊन उघड्यावर रात्र काढतात. याची चीड येते, कारण केंद्राचं काम काय हेच कुणी समजावलेलं नसतं. भूकंपमापक येणारं हलणं नव्हे, आलेलं हलणं नोंदवतो. खडक तुटला, की सेकंदाला सुमारे 6 किलोमीटर वेगाची प्राथमिक लहर पुढे येते, साडेतीन किलोमीटर वेगाची दुय्यम मागून. नोंदीत दोघींमध्ये 10 सेकंद दिसले, तर उगम 80-85 किलोमीटरवर. मात्र कोणत्या दिशेला, हे एकट्या केंद्राला भरवशाने सांगता येत नाही; तीन केंद्रांभोवती अशा अंतरांची वर्तुळं काढली, की ती छेदतात तिथे ठिकाण सापडतं. खोली नीट कळायला केंद्र जवळच हवं.

यावर किल्लारीचा दाखला हमखास येतो. 30 सप्टेंबर 1993 च्या विनाशकारी भूकंपाआधी, 1992 च्या ऑक्टोबरपासून तिथे धक्के बसत होते, हे खरंच आहे. पण डहाणू-तलासरीत नोव्हेंबर 2018 पासून हजारो छोटे धक्के बसले आणि तसा विनाश झाला नाही. मग कोणत्या धक्क्यांवर गाव रिकामं करायचं? चीनमध्ये 1975 साली हैचेंगचे लोक भूकंपाआधी हलवले गेले. पुढच्याच वर्षी तांगशानमध्ये इशाऱ्याविना 2 लाख 40 हजारांहून अधिक माणसं गेली. कॅलिफोर्नियातल्या पार्कफील्डला 1993 पर्यंत भूकंप येईल म्हणून यंत्रांचं जाळं लावलं होतं. तो 2004 मध्ये आला, भरवशाची पूर्वखूण न देता. जपानचा इशाराही भूकंप सुरू झाल्यावरच वाजतो आणि हाती काही सेकंदच देतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. दोन संस्थांचे आकडे किंचित वेगळे आले, तर ती लपवाछपवी नसते. केंद्रं आणि मोजपद्धती वेगळ्या असतात. 5 आणि 6 तीव्रतेत फरक एकाच अंकाचा दिसतो, पण ऊर्जेचा फरक सुमारे 32 पट असतो. आणि ‘दख्खनचा कातळ हलत नाही’ म्हणणाऱ्यांनी 14 मार्च 1938 चा, सहाहून अधिक तीव्रतेचा सातपुड्याचा भूकंप आठवावा.

नाशिकच्या ‘मेरी’ या अभियांत्रिकी संशोधन संस्थेची धरणांजवळची केंद्रं आणि दिल्लीचं राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र यांच्या नोंदींतून कोणता भ्रंश, म्हणजे खडकातली भेग, जागा आहे ते उमगतं, अशाच माहितीवर भूकंपक्षेत्रांचे नकाशे बनतात. 2002 च्या नकाशात जळगाव-धुळे तिसऱ्या क्षेत्रात आहेत. तेव्हा भडगावकरांनी भाकीत मागण्यापेक्षा आणखी केंद्रं मागावीत आणि धाब्याच्या घरांकडे आधी पाहावं : किल्लारीत माणसं दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदाखालीच गाडली गेली होती.