स्तनाचा कर्करोग : आधी केमो, मग शस्त्रक्रिया

स्तनातील गाठ मोठी असेल, त्वचेला किंवा छातीच्या भिंतीला चिकटली असेल, किंवा काखेतील गाठी एकमेकींत गुंतल्या असतील, तर बहुधा आधी केमोथेरपी देऊन मग शस्त्रक्रिया करतात. गाठ लहान असली तरी ‘ट्रिपल निगेटिव्ह’ (हार्मोनचे दोन्ही रिसेप्टर आणि हर-टू प्रथिन नसलेल्या) आणि ‘हर-टू पॉझिटिव्ह’ (ते प्रथिन जास्त असलेल्या) प्रकारांत आता पुष्कळदा हाच क्रम असतो. हार्मोनला प्रतिसाद देणारी गाठ मात्र केमोने पूर्ण विरघळणे अवघड. तिथे डॉक्टर जास्त विचार करतात.

‘आधी काढून टाका, बाकीचे मग बघू’ असा घरच्यांचा आग्रह असतो. गाठ चार-सहा महिने अंगात ठेवायची ही कल्पनाच त्यांना सोसत नाही. या भीतीची तपासणी अमेरिकेत १९८८ ते १९९३ या काळात १,५२३ स्त्रियांवर झाली. औषधे तीच, केमोच्या फेऱ्याही (सायकली) तेवढ्याच. निम्म्यांना शस्त्रक्रियेआधी, निम्म्यांना नंतर. आयुर्मानात फरक पडला नाही. स्तन वाचवता येणाऱ्यांचे प्रमाण मात्र आधी केमो घेतलेल्यांत थोडे वाढले. पुढे अशा दहा चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा आधी केमो घेतलेल्यांत त्याच जागी आजार उलटण्याचे प्रमाण किंचित जास्त आढळले. मृत्यूंत फरक नव्हता. म्हणून केमोने गाठ दिसेनाशी झाली तरी शस्त्रक्रिया टाळायची नसते.

मग आधी देऊन मिळते काय? औषध लागू पडते आहे की नाही, ते डोळ्यांसमोर कळते. गाठ काढून टाकल्यावर ते पाहायला काही उरत नाही.

सुरुवात सुईच्या बायॉप्सीने होते. तुकड्यावरून ईआर, पीआर (हार्मोनचे रिसेप्टर) आणि हर-टू यांचे अहवाल येतात. डॉक्सोरुबिसिन द्यायचे असेल तर हृदयाचा टू-डी इको लागतो, कारण हे औषध हृदयाच्या स्नायूला इजा करू शकते. त्याचा रंग लाल. सलाईननंतर लघवीही लालसर होते आणि आधी कुणी सांगितले नसेल तर घरात घबराट उडते. गाठीत धातूची बारीक क्लिप ठेवतात. गाठ विरघळली तर ती नेमकी कुठे होती, हे सर्जनला तिच्यावरूनच कळते. दोन-तीन आठवड्यांत केस जातात. केमोच्या काळात ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नये. पांढऱ्या पेशी घसरलेल्या असतील तर तापामागचा जंतुसंसर्ग जिवावर बेततो.

भारतातील मोठा पुरावा मुंबईच्या टाटा मेमोरियलचा आहे. ट्रिपल निगेटिव्ह आजाराच्या ७२० स्त्रियांना दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल असे आठ आठवडे दिले. निम्म्यांना सोबत कार्बोप्लॅटिन. त्यानंतर सर्वांना नेहमीच्या औषधांच्या चार सायकली. शस्त्रक्रियेच्या वेळी आजार पूर्ण नाहीसा झाल्याचे प्रमाण शंभरात चाळिसांवरून पंचावन्नच्या आसपास गेले. २०२२ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांत आयुष्य वाढल्याचा लाभ पन्नाशीच्या आतील स्त्रियांत स्पष्ट होता, त्यापुढील वयात नाही. कार्बोप्लॅटिन जुने आणि स्वस्त औषध असल्यामुळे हा निष्कर्ष आपल्याकडे विशेष मोलाचा आहे.

दर आठवड्याच्या सलाईनला राहण्याचे ठिकाणही आडवे येते. उदाहरणार्थ, बेंगळुरूच्या चामराजपेटमधील स्त्रीला शेजारच्या शंकरपुरममध्ये श्री शंकरा कॅन्सर हॉस्पिटल आहे. लालबागेपलीकडे १९७३ पासूनची सरकारी किदवई संस्था आहे. सलाईन घेऊन ती संध्याकाळी घरी. बेळगावहून येणारीला मात्र रात्रभराचा प्रवास किंवा शहरात मुक्काम, आणि सोबतच्या माणसाचा रोज बुडतो. उपचार अर्ध्यावर सुटण्याचा धोका इथे असतो. रुग्णालय निवडतानाच हा हिशेब मांडलेला बरा, कारण अर्धवट केमो झालेली गाठ पुन्हा वाढू शकते. औषध चालू असतानाच ती वाढत असल्याचे दिसले, तर औषध बदलतात किंवा शस्त्रक्रिया अलीकडे घेतात.

शेवटच्या सायकलनंतर साधारण तीन ते सहा आठवड्यांनी, रक्तपेशी सावरल्यावर शस्त्रक्रिया होते. काढलेल्या भागात जिवंत कर्करोग उरला आहे का, हे पॅथॉलॉजिस्ट पाहतो आणि पुढचे उपचार त्याच्या अहवालावर ठरतात. ट्रिपल निगेटिव्ह आजार उरला असेल तर कॅपेसिटाबिनच्या गोळ्या देता येतात. हर-टू पॉझिटिव्ह आजार उरला असेल तर टी-डीएम-१ हे इंजेक्शन. त्याने आजार उलटण्याचा धोका ट्रास्टुझुमॅब या हर-टूवरील नेहमीच्या औषधाच्या तुलनेत निम्म्यावर आल्याचे दिसले आहे, पण किंमत बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. रेडिएशन द्यायचे की नाही हे ठरवताना केमोआधी आजार किती पसरला होता, तेही पाहतात. त्यामुळे पहिल्या दिवसाचे मॅमोग्राम आणि सोनोग्राफीचे कागद फाइलमधून काढून टाकू नयेत.