उसाची खेप आणि वजनकाट्याची साक्ष

सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशीमार्गे बीडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 52 आणि नळदुर्ग-उमरग्यावरून हैदराबादकडे जाणारा महामार्ग 65 हे धाराशिव जिल्ह्यातील मालवाहतुकीचे दोन प्रमुख मार्ग होत. गळीत हंगाम सुरू झाला की दूर पल्ल्याच्या मालमोटारींच्या जोडीला उसाने लादलेल्या गाड्या रस्त्यावर येतात. ऊस हौद्याबाहेर आलेला, मागचा दिवा झाकलेला आणि वेळ रात्रीची. अपघात घडला की चालकास दोष देऊन समाज मोकळा होतो.

परंतु चालक असा का वागतो, हा प्रश्न मूलतः अर्थशास्त्राचा आहे. वाहतुकीचा मोबदला टनावर ठरतो, चालकाची कमाई बहुधा खेपेवर. जादा टनाचा लाभ खाजगी असतो. खचलेल्या रस्त्याचा आणि मोडलेल्या संसारांचा खर्च मात्र इतरांच्या माथी येतो. आसावरील भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज सुमारे 16 पट होते, हे अभियंत्यांचे जुने सूत्र आहे.

कायदा अपुरा आहे असे नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या 2019 मधील दुरुस्तीने जादा भाराचा दंड 2 हजारांवरून 20 हजार रुपये झाला. शिवाय प्रत्येक जादा टनास 2 हजार रुपये. जादा माल उतरविल्याविना गाडी हलू द्यावयाची नाही. चालकाच्या कामास दिवसाला 8 तासांची मर्यादा तर 1961 च्या कायद्यानेच घातली होती. उणीव आहे ती पुराव्याची आणि इच्छेची.

यांपैकी पुरावा जागेवरच आहे. कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक गाडी भरलेली व रिकामी अशी दोनदा तोलली जाते. ही नोंद परिवहन कार्यालयाकडे रोजच्या रोज गेली, तर रस्त्यावर गाड्या अडविण्याची गरजच उरणार नाही. कलम 194 केवळ गाडी चालविणाऱ्यास नव्हे, तर तशी चालवावयास लावणाऱ्यास वा चालवू देणाऱ्यासही जबाबदार धरते, हेही विसरता कामा नये.

यावर आक्षेप येईल, की खेपा वाढतील, दर वाढेल आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या बिलातून वजा होत असल्याने झळ शेतकऱ्यास बसेल. आक्षेप खरा आहे. म्हणूनच वाढीव खर्चाचा वाटा कारखान्यांनी उचलला पाहिजे. पण आजची स्वस्त वाहतूकही फुकट नाही. तिची किंमत त्याच शेतकऱ्याचा सायकलवरून शाळेत जाणारा मुलगा मोजतो. ती किंमत कोणत्याही बिलात दिसत नाही, एवढाच काय तो फरक!