उसवण्याआधी टाका बघा

कल्याण-डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलच्या लेडीज डब्यात लोकरीची पिशवी अजूनही दिसते. ठाण्याची थंडी ती कितीशी! त्यामुळे यातले बरेचसे स्वेटर नाशिकच्या भाच्यासाठी नाहीतर न्यू जर्सीतल्या नातवासाठी विणले जातात. ठाण्यातही १९२५ पासून लोकरीची गिरणी होती, तीच पुढे रेमंड म्हणून नावाजली. पण तिथे मागावर कापड निघे. हातविणीची लोकर पिशवीत येते ती बहुतेक लुधियानाहून.

विणणाऱ्यांना सुलट-उलट उत्तम येतं, नमुने पाठ असतात. तरीही चूक दिसली की सुई काढून सरसर उसवायला बसतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण बहुतेक चुका जागच्या जागी सुधारता येतात. त्यासाठी टाका वाचता यायला हवा.

सुईवरच्या टाक्याला दोन पाय असतात. उजवा पाय सुईच्या पुढे आणि डावा मागे असेल, तर टाका सरळ बसलाय. उसवून पुन्हा सुईवर घेताना काही टाके नेमके उलटे चढतात. ते तसेच विणले की पिळतात आणि कापडावर आवळलेली रेघ उमटते. विणण्याआधी टाका उतरवून फिरवून घेतला की काम झालं.

टाका सुटला की जास्त धसका बसतो. गर्दीत कुणाचं कोपर लागतं, टाका घसरतो आणि खाली शिडी पडत जाते. अशा वेळी क्रोशाची सुई घ्या. कापडाची सुलट बाजू समोर धरा, सर्वांत खाली उरलेल्या फासात क्रोशा पुढून घाला, त्याच्या लगेच वरचा आडवा धागा आकड्यात धरा आणि फासातून पुढे ओढा. मग त्यावरचा धागा, मग त्याच्यावरचा. जितके आडवे धागे, तितक्या सुटलेल्या ओळी. एकही वगळू नका, नाहीतर तो मागे लोंबत राहतो. वर पोचलात की फास सुईवर ठेवा, उजवा पाय पुढे. आजूबाजूचे टाके जरा वेडेवाकडे दिसतील, पण सुईच्या टोकाने धागा थोडा सरकवला आणि एकदा धुतलं की ते बसतात.

लोकलमधली आणखी एक अडचण म्हणजे ओळ अर्धी असतानाच स्टेशन येतं. घरी आल्यावर सुया उलट्या हातात धरल्या जातात, विणकाम आल्या दिशेनेच परत फिरतं, आणि एका बाजूला दोन ओळी जास्त होऊन मध्ये भोक पडतं. खूण सोपी आहे: गुंड्याचा धागा ज्या सुईवरून निघतो, ती सुई उजव्या हातात.

माप बिघडण्याचं कारण मात्र पहिल्या ओळीच्याही आधीचं असतं. समजा, पुस्तकात इंचाला साडेपाच टाके आहेत आणि छाती ३६ इंच, म्हणजे १९८ टाके. तुमचा हात थोडा सैल असला आणि इंचाला पाचच टाके बसले, तर तोच स्वेटर ३९.६ इंचांचा होतो. अर्ध्या टाक्याने साडेतीन इंच वाढले! म्हणून त्याच लोकरीचा, त्याच सुयांवर पाच-सहा इंचांचा चौकोन विणा, धुऊन वाळवा आणि मधल्या चार इंचांतले टाके मोजा. हे काम कंटाळवाणं आहे खरं, पण पूर्ण पाठ उसवण्यापेक्षा खूप कमी.

सुयांच्या नंबरांचाही घोळ होतो. आपल्याकडे जुन्या ब्रिटिश पद्धतीने नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन. अमेरिकेत उलटं, तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची. परदेशी नमुना हाती आला तर नंबर विसरा, मिलिमीटर बघा.

गळा डोक्यातून जात नाही, ही बाळांच्या स्वेटरची नेहमीची तक्रार. बाळाचं डोकं मोठं असतं आणि टाके बंद करताना हात आवळला जातो. बंद करण्यापुरती दोन नंबर जाड सुई घ्या. सुलट विणीची कड गुंडाळली जाते तो मात्र हाताचा दोष नव्हे, त्या विणीचा स्वभावच तसा. इस्त्रीने ती बसत नाही, एक सुलट एक उलट अशी बॉर्डर हवीच. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री तर चुकूनही फिरवू नका, लोकर मरते आणि लुळी पडते.

लोकर कमी पडली आणि दुकानात त्याच रंगाची पण दुसऱ्या लॉटची मिळाली, तर दोन ओळी जुन्या, दोन ओळी नव्या गुंड्याने विणत जा, म्हणजे फरक विरघळतो.

आणि परदेशातल्या नातवाचं माप व्हिडिओ कॉलवर टेपने घेऊ नका, तो एक क्षण स्थिर बसत नाही. त्याला नीट बसणारा एखादा स्वेटर पलंगावर सपाट पसरायला सांगा आणि काखेपासून काखेपर्यंत मोजून घ्या. दुप्पट केलं की घेर मिळाला. तिकडे कपडे मशीनमध्ये धुऊन ड्रायरमध्ये टाकतात. शुद्ध लोकर त्यात आटून जाड नमद्यासारखी होते, म्हणून मशीनला चालणारी लोकरच निवडा.