थंडीच्या कुंड्यांत काय लावायचं?

तर मंडळी, हिवाळा आला की धुळे-जळगावकडून एक प्रश्न हमखास येतो: "गच्चीवर भरताची वांगी लावू का?" जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये जीआय मिळालंय, मोह होणारच. पण नोव्हेंबर संपताना बी टाकलं तर रोपालाच महिना-सव्वा महिना जातो. त्यात धुळ्यात पारा 10 च्या खाली गेला की वांग्याची वाढ थांबल्यासारखीच. फळ धरेपर्यंत मार्च, म्हणजे आपलं खान्देशी ऊन! वांगी बाजारातूनच आणा.

मी म्हणेन, भरतात जे पडतं ते लावा. कांद्याची पात, लसणाची पात, कोथिंबीर. लसणाची पाकळी टोक वर ठेवून मातीत खोचा. 3-4 आठवड्यांत पात कापायला येते, कापली की पुन्हा फुटते. धणे मात्र आख्खे टाकू नका, हलके रगडून दोन भाग करा. उगवायला 8-10 दिवस लागतात, रोज उकरून बघू नका! मेथी सगळ्यात सोपी, महिन्याभरात जुडी.

सगळं एकदम पेरू नका. दर 15 दिवसांनी एक कुंडी, जानेवारीच्या मध्यापर्यंत. फेब्रुवारी तापला की कोथिंबीर सरळ फुलावर जाते. आणि हो, किराणा दुकानातले धणेही चालतात, फक्त जुने नकोत.