लिहिलेला पाषाण आणि अबोल शिळा

इजिप्तमधील आमोन देवाचा प्रधान पुरोहित बाकेनखोन्सू हा दुसऱ्या रामसेस राजाच्या काळीं, ख्रिस्तपूर्व तेराव्या शतकांत, होऊन गेला. आज म्यूनिच येथें असलेल्या आपल्या पाषाणमूर्तीवर त्यानें स्वतःचें चरित्र कोरविलें आहे: ४ वर्षें बाल्य, ११ वर्षें पहिल्या सेती राजाच्या अश्वशाळेंत उमेदवारी, मग देवसेवेंत एकेक पायरी चढत अखेर २७ वर्षें प्रधानपद.

गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्लीच्या अरण्यांत माडिया गोंडांच्या गांवचा पुरोहित म्हणजे पेरमा. त्याचें पद बहुधा वंशपरंपरेनें चालतें. नव्या पिकाचा पंडुम, म्हणजे सण, त्याच्या हातून झाल्यावांचून तें पीक तोंडीं न घालण्याची रीत आहे. मृतांच्या स्मरणार्थ माडिया उभ्या शिळा रोवतात. हा मान एकट्या पुरोहिताचा नाहीं. आणि त्या शिळेवर अक्षरही नसतें.

बाकेनखोन्सूची मूर्ति थीब्ज सोडून परदेशीं गेली, तरी बोलते. तिचें चरित्र तिच्याच अंगावर आहे. माडियांची शिळा जागची हलविली, कीं मुकी होते. तिचें चरित्र भोंवतालच्या माणसांच्या मुखीं असतें. म्हणून ती शिळा जपावयाची, तर ती जागा, ती बोली आणि तीं माणसें हीं तिन्ही जपलीं पाहिजेत.