आधी थांबणे, मग धावणे

जुनी गाडी दुरुस्त करायची म्हटले की बहुतेक जण आधी इंजिनाला हात घालतात. माझे मत उलटे आहे. जी गाडी सुरू होत नाही, तिच्यामुळे कोणाला इजा होत नाही. जी सुरू होते पण थांबत नाही, तिच्यामुळे होते. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते आणि थांबताना ती ब्रेकलाच पचवावी लागते. म्हणून सुट्टीत मामांनी आणि मी चाके व ब्रेक आधी घेतले.

गाडी हीरो इम्पल्स. २०११ साली बाजारात आलेली, १५० सीसीची, कच्च्या रस्त्यासाठी उंच बांधलेली. पुढचे चाक १९ इंची, मागचे १७ इंची, दोन्ही स्पोकची. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. मामांचे घर चेन्नईजवळच्या कोवलमला, समुद्रकाठी आहे. (केरळातले कोवलम वेगळे.) तिथल्या खाऱ्या, दमट हवेत लोखंड लवकर गंजते. शिवाय लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकलेले असतील आणि मध्ये खारे पाणी शिरले, तर विज्ञानाच्या पुस्तकातला विद्युत घटच तयार होतो आणि ॲल्युमिनियम झिजू लागते.

चाक : गाडी स्टँडवर घेऊन चाक फिरवावे. रिमजवळ एक पेन्सिल घट्ट बांधली की चाकाचा आऊट लगेच दिसतो. रिम डावीकडे सरकत असेल, तर त्या जागी उजव्या बाजूचे स्पोक पाव फेरा आवळावेत आणि डावे तेवढेच सैल करावेत. घाई करू नये. शेवटी प्रत्येक स्पोकवर पान्ह्याने टिचकी मारावी. सैल स्पोकचा आवाज बद्द येतो. चाक आडवे हलवून पाहिले की बेअरिंगमधला खुळखुळाट कळतो. टायरच्या कडेला शेवटचे चार आकडे पाहावेत : २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा.

ड्रम : आतली धूळ फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्यानेच पुसावे. ब्रेकचा कॅम गंजून अडकला असेल तर काढून साफ करावा, त्याच्या दांड्याला अगदी थोडे ग्रीस लावावे. लायनरला मात्र ग्रीसचा थेंबही लागता कामा नये.

डिस्क : ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते. डॉट ४ प्रकारच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पाणी मुरल्यावर ही किमान मर्यादा १५५ वर येते. तापलेल्या ब्रेकमध्ये तेल उकळले की वाफ होते, लिव्हर नुसता दाबला जातो आणि गाडी थांबत नाही. म्हणून जुने तेल पूर्ण काढून, सीलबंद डब्यातले नवे भरून नळीतली हवा काढावी.

शेवटची परीक्षा इंजिनाशिवाय. मोकळ्या मैदानात मामा गाडीवर बसले, मी मागून ढकलली. दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून पाहिले. सोडल्यावर चाक मोकळे फिरते की नाही, तेही तपासले. रस्त्यावर ही गाडी चालवायला मला अजून तीन वर्षे आहेत. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

दुरुस्ती शिकायला मात्र वयाची अट नाही. इंजिन आम्ही पुढच्या सुट्टीत उघडणार आहोत.