कमी जन्मवजन आणि स्वमग्नता

कमी वजनाने जन्मलेल्या बालकांमध्ये स्वमग्नता वर्णपटातील विकार आढळण्याची शक्यता इतर बालकांच्या तुलनेत अधिक असते, असे अनेक वैद्यकीय अभ्यासांतून दिसून आले आहे. हा संबंध जोखमीचा आहे. अशा बहुसंख्य बालकांमध्ये स्वमग्नता आढळत नाही आणि स्वमग्न असलेल्या अनेक व्यक्तींचे जन्मवजन सामान्य असते.

व्याख्या

जागतिक आरोग्य संघटनेनुसार जन्मतः २,५०० ग्रॅमपेक्षा कमी वजन असल्यास ते कमी जन्मवजन मानले जाते. १,५०० ग्रॅमपेक्षा कमी वजन अतिकमी, तर १,००० ग्रॅमपेक्षा कमी वजन अत्यंत कमी गणले जाते. वजन कमी असण्याची प्रमुख कारणे दोन आहेत: गर्भावस्थेचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी झालेली प्रसूती आणि गर्भाशयात खुंटलेली वाढ. काही बालकांत ही दोन्ही कारणे एकत्र आढळतात.

स्वमग्नतेचे सविस्तर वैद्यकीय वर्णन लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये केले. सामाजिक संवादातील अडचणी, तसेच वर्तनातील तोचतोपणा व मर्यादित आवडी ही तिची मुख्य लक्षणे होत.

न्यू जर्सीतील अभ्यास

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात १९८४ ते १९८७ या काळात जन्मलेल्या, २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या १,१०५ बालकांचा दीर्घकालीन अभ्यास करण्यात आला. जेनिफर पिंटो-मार्टिन आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध केले. वयाच्या १६व्या वर्षी चाळणी तपासणी आणि २१व्या वर्षी निवडक व्यक्तींचे प्रत्यक्ष निदान, असे दोन टप्पे त्यात होते. या गटात स्वमग्नतेचे प्रमाण सुमारे ५ टक्के असावे, असा अंदाज निघाला. त्या काळी अमेरिकेतील सर्वसाधारण बालकांमध्ये ते सुमारे १ टक्का होते. म्हणजे प्रमाण पाचपट असले, तरी या गटातील शंभरांपैकी सुमारे ९५ जणांना स्वमग्नता नव्हती.

जुळ्यांचा अभ्यास

स्वीडनमधील जुळ्यांच्या माहितीवर आधारित अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोघांपैकी एकालाच स्वमग्नता असलेल्या आणि वजनात किमान ४०० ग्रॅम किंवा १५ टक्के फरक असलेल्या जोड्यांत कमी वजनाच्या जुळ्याला स्वमग्नता असण्याची शक्यता तिपटीहून अधिक आढळली. जुळ्यांचे गर्भारपण व कुटुंब एकच असते. त्यामुळे आईचे वय, घरची परिस्थिती यांसारख्या घटकांचा प्रभाव वगळून वजनाचा संबंध तपासता येतो.

संभाव्य कारणे

गर्भावस्थेच्या अखेरच्या तीन महिन्यांत मेंदूची वाढ वेगाने होते. अकाली जन्मामुळे ही वाढ गर्भाशयाबाहेर पूर्ण व्हावी लागते. त्या काळात मेंदूतील रक्तस्राव, प्राणवायूची कमतरता आणि जंतुसंसर्ग यांचा धोका असतो. वारेचे कार्य अपुरे असल्यास गर्भाला पोषण कमी मिळते. दुसरीकडे, स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. त्यामुळे काही बालकांत कमी वजन आणि स्वमग्नता या दोन्हींमागे एकच जनुकीय कारण असणेही संभवते.

निदानातील अडचणी

चाळणी तपासणी म्हणजे निदान नव्हे. अमेरिकेत २८ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बालकांच्या एका अभ्यासात, पालकांनी भरलेल्या प्रश्नावलीनुसार सुमारे २१ टक्के बालके संशयित ठरली. हालचाल, दृष्टी, श्रवण वा बौद्धिक विकासात अडचण असलेली बालके वगळल्यावर हे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवर आले. हाकेला प्रतिसाद न देणाऱ्या बालकाला ऐकू येत नसण्याचीही शक्यता असते. याच कारणास्तव श्रवण व दृष्टीची तपासणी आवश्यक ठरते. अकाली जन्मलेल्या बालकाचा विकास पहिली दोन वर्षे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेल्या वयानुसार पाहिला जातो.

भारतातील स्थिती

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) जन्मवजनाची नोंद असलेल्या बालकांपैकी सुमारे १८ टक्के बालके २,५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची होती. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातील विलंब आणि स्वमग्नता यांची तपासणी समाविष्ट आहे. वाचा, संवाद व वर्तन यांसाठी लवकर साहाय्य मिळाल्यास बालकाची प्रगती सुकर होते.

मातृदोषाचा गैरसमज

विसाव्या शतकाच्या मध्यात आईच्या भावनिक अलिप्ततेमुळे मूल स्वमग्न होते, असे मत प्रचलित होते. पुढील संशोधनाने ते निराधार ठरवले. कमी जन्मवजनासंबंधीचे निष्कर्षही मातेला दोष देण्यासाठी वापरता येत नाहीत. कोणत्या बालकांच्या विकासावर अधिक काळ लक्ष ठेवावे, हे ठरवण्यासाठी त्यांचा उपयोग होतो.